आधी तुमचं, मग माझं

माझी आत्या लोकांच्या घरी जाऊन रक्त काढते. लॅबचं काम. सकाळी सकाळी माणूस उपाशी असतो, चहासुद्धा पोटात नसतो, त्यात ही बाई सुई घेऊन दारात उभी. कोण गोड बोलणार? पण तिच्या हातून रक्त देताना कोणी ओरडत नाही, हे मी स्वतः पाहिलंय. तिची एक युक्ती आहे. दंडाला पट्टा बांधला की ती सहज विचारल्यासारखं विचारते, "काय हो, यंदा कोण येणार निवडून?"

झालं. माणूस पेटतो. कोणी छत्रीवाल्यांना धुतो, कोणी शिडीवाल्यांना. आमच्याकडे हेच दोन पक्ष, छत्री आणि शिडी, बाकीचे नुसते तोंडी लावायला. तर माणूस तावातावाने बोलत असतो, तेवढ्यात सुई आत जाऊन बाहेरही येते. कापूस दाबून झाला तरी याचं भाषण चालूच. सगळे तिला सुईताई म्हणतात.

आत्या स्वतः कट्टर छत्रीवाली. छत्रीच्या शाखेत खुर्च्या मांडण्यापासून घरोघरी चिठ्ठ्या वाटण्यापर्यंत सगळं केलंय तिने. पण लोकांच्या हातात सुई असताना ती कधी स्वतःचं मत सांगायची नाही. फक्त ऐकायची. तिचा हा नियम एकदाच मोडला, आणि तो ब्रेककाकांच्या घरी.

ब्रेककाकांचा ड्रायव्हिंग क्लास आहे, जुन्या बाजाराच्या रस्त्यावर. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो ना, तो ते इतका दाबतात की शिकणाऱ्याला वाटतं गाडीच बिघडलीय. म्हणून ब्रेककाका. त्यांना साखरेचा आजार, म्हणून आत्याची त्यांच्याकडे फेरी. पहिल्याच वेळी तिने नेहमीचा प्रश्न टाकला आणि काका म्हणाले, "छत्रीवाले? त्यांची छत्री ऊन असताना उघडते. पाऊस आला की हे आत आणि आपण बाहेर."

आत्याच्या तोंडून निघून गेलं, "आणि शिडी कशाला असते? वर चढायचं आणि मागच्यासाठी काढून घ्यायची!"

काका हलले, सुई हलली, हात काळानिळा झाला. पण हाताकडे बघतोय कोण! काका म्हणाले, "सुईबाई, आधी मी काय बोललो ते तरी ऐकलंत का? सांगा बघू मी काय म्हणालो." आत्याने सांगितलं. काका म्हणाले, "असं नाही म्हणालो मी." तिने परत सांगितलं. "छे." परत. पुढच्या घरचे लोक उपाशी वाट बघतायत, फोनवर फोन, आणि ही बाई काकांच्या ओट्यावर बसून शिडीची बाजू पाठ करतेय. शेवटी काका म्हणाले, "हो. हे म्हणायचं होतं मला." मग आत्या म्हणाली, "आता माझं सांगा."

त्यातून त्या दोघांचा ब्लॉग निघाला. नाव 'आधी तुमचं'. नियम एकच. कुठल्याही विषयावर लिहायचं तर पहिल्यांदा समोरच्याची बाजू लिहायची, ती पण अशी की समोरच्याने वाचून "हो" म्हटलं पाहिजे. हो आला नाही तर पुढे स्वतःचं एक अक्षर लिहायचं नाही. एकदा गटाराच्या झाकणांवरचा लेख इतका रखडला की नवीन झाकणं बसली, त्यातली काही चोरीला पण गेली, आणि या दोघांचा हो अजून यायचा होता.

मला हे सगळं खुळचटपणाचं वाटायचं, खरं सांगते. मी पार्सलं पोचवते, दिवसभर स्कूटरवर असते. शाळा मी अर्ध्यात सोडली कारण एका जागी बसणं माझ्याच्याने होत नाही. मला कळायचं नाही की माणूस दुसऱ्याचं म्हणणं घासून पुसून लखलखीत का करून देतो. समोरच्याच्या चाकूला आपणच धार लावायची आणि वर त्याला विचारायचं, बरोबर झाली का? मी आत्याला विचारलं पण होतं.

"आत्या, त्यांचं म्हणणं तुझ्या डोक्यात शिरून बसलं तर?"

"शिरतंच की."

"मग?"

"मग काय? पाहुणा येतो, बसतो, जातो."

"आणि नाही गेला तर?"

"एखादा नाही जात," आत्या म्हणाली आणि ट्यूबांवर नावं चिकटवायला लागली.

म्हणजे नक्की काय? कुठला पाहुणा राहिला? कितीदा विचारलं, सांगितलं नाही. तेव्हापासून मी या दोघांवर डोळा ठेवून होते.

ब्लॉग वाचायचे मोजकेच लोक. पण त्यातल्या एक निघाल्या कॉलेजच्या बाई, राज्यशास्त्र शिकवणाऱ्या. त्यांनी कॉलेजात चर्चा ठेवली, पक्षांच्या भिंती ओलांडून ब्लॉग लिहिता येतो का, अशा विषयावर. स्टेजवर चौघे. छत्रीचा एक नावाजलेला ब्लॉगवाला, शिडीची एक तशीच नावाजलेली वकील, आणि आमचे हे दोघे. आत्याने त्या दिवशी नवीन चपला घेतल्या आणि त्या चावतात म्हणून जुन्याच घालून गेली. मी पार्सलांना सुट्टी मारून मागे गेले. बघायचंच होतं.

स्टेजमागच्या खोलीत मला पहिली गंमत दिसली. छत्रीवाला आणि वकीलबाई एकाच प्लेटमधली बिस्किटं खात होते, एकमेकांच्या फोनमधले फोटो बघून हसत होते. आणि आमचे दोघे? दोन कोपऱ्यांत दोन तोंडं. बोलणं बंद! का, तर आदल्या मसुद्यात आत्याने काकांच्या मताला 'हट्ट' म्हटलं होतं.

"काका, पाणी देऊ?" मी विचारलं.

"तुझ्या आत्याला विचार. माझी तहान म्हणजे हट्ट असेल."

आत्या कोपऱ्यातून म्हणाली, "त्यांना सांग, शब्द काढलाय मी. आणि पाणी प्या म्हणावं, साखर वाढेल."

"तिला सांग, पाण्याने साखर वाढत नाही."

"मला शिकवतायत! मला!"

स्टेजवर गेल्यावर सगळं उलटं झालं. बिस्किटवाले दोघे एकमेकांचा गळा धरायला लागले. तू विकला गेलास, तुमचं सगळं खोटं, मागचं काढ, त्याच्या मागचं काढ. पोरं शिट्ट्या मारत होती. मला पण मजा आली, खोटं कशाला बोलू. पण थोड्या वेळाने कंटाळा आला, कारण पुढचं वाक्य आधीच कळायला लागलं.

मग बाई म्हणाल्या, "आता तुमचा नियम करून दाखवा. जुन्या बाजाराचा रस्ता गाड्यांना बंद करायचा की नाही?"

हा आमच्याकडचा सध्याचा पेटता विषय. छत्रीवाल्यांना रस्ता बंद करून नुसता चालायला ठेवायचाय. शिडीवाल्यांचा विरोध. काकांचा क्लास त्याच रस्त्यावर, तेव्हा काका विरोधात असणार हे सांगायला ज्योतिषी नको. नियमाप्रमाणे काकांनी आधी आत्याची बाजू सांगायची होती.

काका उठले. हात मागे बांधले.

"जुन्या बाजाराचा रस्ता गाड्यांना बंद झालाच पाहिजे," ते म्हणाले. "त्या रस्त्यावरच्या घरांमध्ये खोकला भाडेकरू होऊन राहिलाय. तिथली पोरं शाळेत चालत जात नाहीत, आईचा हात धरून पळत जातात. दुकानदार म्हणतात, गिऱ्हाईक जाईल. अहो, गाडीत बसून कोणी कापड बघतं का? उतरल्यावरच माणूस गिऱ्हाईक होतो, तोवर तो नुसता हॉर्न असतो. आम्ही शिडीवाले या रस्त्यासाठी भांडतो, पण त्या रस्त्यावर राहणाऱ्या एका बाईला तरी विचारलं का आम्ही, की तू खिडकी शेवटची कधी उघडलीस?"

पोरांनी शिट्ट्या सोडून फोन वर धरले.  आत्या बसल्या जागी पुढे सरकली होती. तिने मान हलवली आणि माइकमध्ये म्हणाली, "हो."

टाळ्या म्हणजे काय टाळ्या! मग आत्या उठली. काकांची बाजू सांगायची. "हा रस्ता चालू राहिला पाहिजे," ती म्हणाली. "म्हाताऱ्या माणसांचे गुडघे दुखतात. त्यांना दवाखान्याच्या दारापर्यंत गाडी लागते. आजाऱ्याने कोपऱ्यावर उतरून..."

काका मान हलवत होते. आडवी. "नाही," ते म्हणाले. "हे नाही माझं म्हणणं."

आत्या परत सुरू करणार, तेवढ्यात कोणीतरी बाईंना चिठ्ठी दिली. हॉल दुसऱ्या कार्यक्रमाला द्यायचा होता. बाई म्हणाल्या, वेळ संपली, माफ करा, फारच छान. फुलं दिली, फोटो काढले. काकांनी स्वतःची बाजू मांडलीच नाही. मांडायची वेळच आली नाही. ते सांगून गेले ते सगळं आत्याचं.

आम्ही स्कूटर काढेपर्यंत क्लिप फिरायला लागली होती. माझ्या फोनवर पार्सलच्या गटात आली, तिथे तर कोणाला राजकारण कळत पण नाही. कॉलेजातल्या छत्रीच्या पोरांपैकी कोणीतरी काकांचं तेवढंच बोलणं कापलं होतं. आधीचं बाईंचं वाक्य नाही, नंतरचा आत्याचा हो नाही. वर मोठ्या अक्षरात: 'शिडीचा जुना शिलेदार अखेर खरं बोलला'.

मी म्हटलं, "कॉलेजने पूर्ण व्हिडिओ टाकलाय की."

"पूर्ण कोण बघतं?" आत्या म्हणाली. तिचं तोंड उतरलं होतं. "चल. शाखेत चल."

छत्रीचा शाखाप्रमुख प्लायवूडचं दुकान चालवतो. आम्ही गेलो तेव्हा तो तीच क्लिप गिऱ्हाइकाला दाखवत होता.

"या ताई, या! काय मासा लागलाय गळाला!"

"ती काढून टाका," आत्या म्हणाली.

"काढू? अहो, सोनं आहे सोनं! तो बोललाच ना? आपण काय त्याच्या तोंडात शब्द घातले?"

"हो, घातले," आत्या म्हणाली. "माझेच शब्द होते ते. मीच घातलेत."

प्लायवूडवाला हसला. "मग तर तुमचा सत्कारच केला पाहिजे."

मी बोलणार होते, चांगलं दोन कानांखाली बसेल असं बोलणार होते. आत्याने माझं मनगट धरलं. रक्त काढणाऱ्या बाईची पकड असते, सुटत नाही.

तिकडे शिडीवाल्यांनी काय केलं ते संध्याकाळी कळलं. काकांकडे शिडीच्या शाखेची किल्ली असायची. तरुणपणापासून शाखा तेच उघडायचे. झाडून घ्यायचे, पाणी भरून ठेवायचे, पेपर लावायचे. काकू गेल्यापासून तर त्यांची संध्याकाळ म्हणजे शाखाच. घरी कोण आहे? घराला कुलूप लावायचं आणि शाखेचं काढायचं, हा त्यांचा दिनक्रम. त्यांचा अध्यक्ष क्लासवर आला, क्लिप दाखवली आणि म्हणाला, "किल्ली द्या."

काकांनी नियम समजावून सांगायला सुरुवात केली. अध्यक्ष म्हणाला, "तुम्ही शत्रूचं इतकं चांगलं बोलू शकता, हाच तर प्रॉब्लेम आहे."

काकांनी किल्ली काढून दिली. हे मला त्यांनीच सांगितलं, मी आत्याचा निरोप घेऊन गेले तेव्हा. निरोप होता, "भेटायला येऊ का?" त्यांनी उलट निरोप दिला, "ब्लॉग बंद. सुईबाईंना सांग, पुढच्या वेळी रक्ताला दुसरं कोणीतरी पाठवा." म्हणाले आणि क्लासचं शटर ओढलं. ओढल्यावर मात्र तिथेच उभे राहिले, कुठे जावं ते न कळल्यासारखे.

मी येऊन आत्याला सगळं सांगितलं. ती जेवली नाही. मग म्हणाली, "माझी पण क्लिप काप."

"काय?"

"मी पण शिडीची बाजू बोलले ना स्टेजवर? तेवढंच काप आणि सोड. म्हणजे लोकांना कळेल, दोघंही दोघांचं बोलत होते. एकटे तेच कशाला बदनाम?"

"आत्या, डोकं फिरलंय का? तुझे लोक तुला फाडून खातील!"

"खाऊ देत. हाडं लागतील नुसती."

"मी नाही कापणार."

"नको कापू. मी शिकते." आणि खरंच फोन घेऊन बसली. तिला धड फोटो फिरवता येत नाही. थोड्या वेळाने तिने चुकून स्वतःचाच कान चित्रित केला. मी फोन हिसकावून घेतला. माझी आत्या आहे. ती खड्ड्यात उडी मारणार असेल तर निदान खड्डा तरी मी बघून देईन.

मी व्हिडिओ लावला. कापायची जागा शोधली. आणि आत्या एकदम म्हणाली, "थांब. चालणार नाही हे."

"आता काय झालं?"

"हो कुठाय? ते 'नाही' म्हणाले होते. हो आल्याशिवाय त्यांच्या नावावर मी काही सोडू शकत नाही."

मी कपाळावर हात मारला. ब्लॉग बंद, माणूस तोंड बघायला तयार नाही, आणि हिला नियम पाळायचाय! पण खोटं बोलत नाही, तिथेच माझी झोप उडाली. मला पण जाणून घ्यायचं झालं. काकांचं म्हणणं जर म्हाताऱ्यांचे गुडघे हे नव्हतं, तर मग होतं काय? मी तर धरूनच चालले होते की माणूस क्लासच्या धंद्यासाठी भांडतोय.

दुसऱ्या दिवशी आत्या शेवटचं घर उरकून थेट क्लासवर. काका गाडीत होते, शिकवणी सुरू होत होती. स्टिअरिंगवर बँकेतल्या एक बाई, दोन्ही हातांनी चाक असं धरलेलं की कोणी पळवून नेईल. आत्याने मागचं दार उघडलं आणि आत बसली. मी दुसऱ्या दाराने.

"सुईबाई, उतरा. माझी शिकवणी चालू आहे."

"चालू द्या की. मी काय चाक मागतेय?"

बँकबाई म्हणाल्या, "मी सोडू का क्लच?"

"सोडा," काका म्हणाले. "हळू. हळू म्हटलं!" आणि ब्रेक. आम्ही सगळे पुढे.

गाडी निघाली. आत्या मागून म्हणाली, "तुमचं म्हणणं सांगते. बरोबर का बघा. रस्ता बंद झाला तर तुमचा क्लास बुडेल."

"बुडू दे! क्लास मी कुठेही काढेन. डावीकडे घ्या."

"मग दुकानदारांचं नुकसान."

"नाही. आरसा बघा, आरसा! मागचं कोण बघणार?"

"मला म्हणताय?" आत्याने विचारलं.

"मला म्हणतायत," बँकबाई म्हणाल्या. "तुम्ही बोला, पण मी चुकले तर सांभाळून घ्या."

"आजाऱ्यांची गैरसोय," आत्या म्हणाली.

ब्रेक. गाडी थांबली ती थांबलीच. मागून कोणीतरी हॉर्न दिला. काका पूर्ण मागे वळले. "तुम्हाला काय वाटतं, मी दया मागतोय? म्हाताऱ्याची दया, दुकानदाराची दया? रस्ता बंद करायला माझा विरोध नाहीच!"

आत्याचं तोंड उघडंच राहिलं. माझं पण. बँकबाई म्हणाल्या, "मी कडेला घेऊ का?" कोणी उत्तर दिलं नाही, म्हणून त्यांनी आपली आपणच गाडी कडेला घेतली. पहिल्यांदाच नीट घेतली असावी.

"मग विरोध कशाला?" आत्याने विचारलं.

"ते तुम्ही सांगायचंय. मी नाही."

 आत्या खिडकीतून बघत राहिली. समोरच तो रस्ता होता, हातगाड्या, टेम्पो, धूर. मी तिचं बोट बघत होते, ती सीटच्या शिवणीवर फिरवत होती, शीर शोधताना फिरवते तसं. मग हळू म्हणाली, "रस्ता बंद झाला तर चांगलंच होईल, असं तुम्हाला पण वाटतं. पण तो कसा बंद होतोय, ते तुम्हाला खुपतंय."

काकांनी हात पुढे करून गाडी बंद केली.

"वरून फर्मान निघालं. आमच्या लोकांनी कागदावर रेघ मारली आणि ठरवून टाकलं. त्या रस्त्यावर जे राहतात, जे विकतात, जे ओझी उचलतात, त्यांना शेवटी कळलं. आज चांगल्या गोष्टीसाठी न विचारता रस्ता घेतला. उद्या वाईट गोष्टीसाठी घेतील, तेव्हा पण कोणी विचारणार नाही, कारण सवय झालेली असेल. तुमचं भांडण रस्त्याशी नाही. तुम्हाला म्हणायचंय, मला विचारा. 'नाही' म्हणायचा हक्क मिळाला, तर मी कदाचित 'हो' म्हणेन."

मी फोनचा कॅमेरा चालू केला होता. कधी केला ते मलाच कळलं नाही.

काका परत पुढे वळून बसले. मग म्हणाले, "हो."

"हेच होतं?"

"हेच. मला स्वतःला इतकं नीट सांगता आलं नसतं, ही गोष्ट वेगळी."

बँकबाई म्हणाल्या, "मला वाटलं होतं मी छत्रीची आहे." कोणी हसलं नाही. मग सगळेच हसले.

आत्याने मला ते सोडायला सांगितलं. मी म्हटलं, पूर्ण सोडूया, काकांच्या 'हो' सकट, हॉर्न सकट. आत्या म्हणाली, "हो सकट सोड. पण पूर्ण कोण बघतं ते तुला माहितीय." काकांनी तिला समजावलं. "सुईबाई, माझं झालं ते झालं. तुम्ही कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय?" आत्या म्हणाली, "तुमचा हो आलाय. आता लिहायला अडवणारे तुम्ही कोण?"

जे व्हायचं तेच झालं. दुपारपर्यंत शिडीवाल्यांनी आत्याचं तेवढंच बोलणं कापलं. 'छत्रीवालीने पितळ उघडं पाडलं'. प्लायवूडवाल्याने तिला शाखेच्या गटातून काढून टाकलं. साधा फोन नाही, काही नाही. इतकी वर्षं त्यांच्या खुर्च्या उचलल्या तिने! मी म्हटलं, मी जाऊन त्याच्या दुकानासमोर उभी राहून बोलते, गिऱ्हाइकांसमोर. आत्या म्हणाली, "बस खाली."

"तुला राग येत नाही?"

"येतो. खूप येतो."

"मग आता मत कोणाला देणार?"

"छत्रीला. गटातून काढलंय मला, मतदारयादीतून नाही." नंतर डोळे पुसायला मोरीत गेली. मला दिसू नये म्हणून नळ सोडून ठेवला.

काकांकडे अध्यक्ष परत आला. टेबलावर किल्ली ठेवली. "उद्यापासून उघडा शाखा."

"समजलं का तुम्हाला, मी काय करत होतो ते?" काकांनी विचारलं.

"त्यात समजायचं काय? त्यांनी तुमची कापली, आपण तिची कापली. फिट्टंफाट."

काका मला म्हणाले, त्या क्षणी किल्ली त्याच्या अंगावर फेकावीशी वाटली. फेकली नाही. उचलून खिशात टाकली. मी विचारलं, का? म्हणाले, "शाखा त्याच्या बापाची आहे का?"

काकांनी आत्याला शाखेत बोलावलं. छत्रीची बाई शिडीच्या शाखेत! मी तर आधीच निघाले होते, मला बघायचंच होतं. आत्या दारात थांबली, आत येईना. आत चारदोन जण पेपर वाचत होते, त्यांनी पेपर आणखी वर धरले. काकांनी एक खुर्ची पुसून पुढे सरकवली. खुर्ची रिकामीच राहिली, कारण आत्या उंबऱ्यावर टेकली. "इथे हवा लागते," म्हणाली.

काकांनी फोनवर कॉलेजची चर्चा लावली, पूर्ण. कोणी बघितली नाही. एकाने जांभई दिली. एकजण उठून गेला. पण एक जाडजूड मिशीवाला, घड्याळं दुरुस्त करणारा, तो पेपराआडून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "असं बोलायला काय लागतं? मी पण सांगतो छत्रीचं. छत्रीवाल्यांना रस्ता बंद करायचाय कारण त्यांचा बिल्डर तिथे मॉल बांधणार आहे."

"नाही," आत्या उंबऱ्यावरून म्हणाली.

"नाही काय? सगळ्या गावाला माहितीय!"

"ते तुमचं म्हणणं झालं. माझं सांगा."

"बरं. तुम्हाला शहर परदेशासारखं दिसायला हवंय."

"नाही."

मिशीवाला वैतागला. "ह्या बाईला खूश करायला मी बसलोय का इथे?" पेपर आपटला आणि तरातरा निघून गेला. काका माझ्याकडे बघून हसले नाहीत, आत्याकडे पण बघितलं नाही, नुसता त्याचा पेपर घडी करून जागेवर ठेवला.

थोड्या वेळाने मिशीवाला परत आला. चष्मा विसरला होता. चष्मा उचलला, पुसला, डोळ्यावर चढवला आणि जायच्या ऐवजी आत्यासमोर रस्त्यावर उभा राहिला.

"तुम्ही त्या रस्त्यावरच्या घरात रक्ताला जाता ना?"

"जाते."

"तिथल्या बायका काय म्हणतात खिडक्यांबद्दल?"

"ते मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचंय."

त्याने डोकं खाजवलं. रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे एकदा बघून घेतलं.

"बरं," तो म्हणाला. "परत ऐका."